स्वमग्न मुलासाठी वर्तनोपचारतज्ज्ञ कसा निवडावा

मुलाला ऑटिझम, अर्थात स्वमग्नता, असल्याचे निदान झाले की पालकांना मिळणारा पहिला सल्ला बहुतेक वेळा 'थेरपी लवकर सुरू करा' हाच असतो. सल्ला योग्य आहे. परंतु त्या घाईत जो थेरपिस्ट सर्वांत आधी वेळ देईल त्याच्याच हाती मूल सोपवले जाते, आणि आपण खरोखर निवड केली की मिळेल ते स्वीकारले, याचा विचार पुढे कित्येक महिने होत नाही. निवडीसाठी दोन-तीन आठवडे दिल्याने फारसे काही बिघडत नाही. मुलाला न मानवणाऱ्या उपचारांत वर्ष गेले, तर मात्र त्याचा मोठ्या माणसांवरचा विश्वास डळमळतो आणि पुढच्या प्रत्येक थेरपिस्टचे काम अवघड होऊन बसते. पदवी, अनुभव, अंतर, वेळ हे सारे पाहावेच लागते. तरीही माझ्या मते या निवडीत निर्णायक ठरावा असा प्रश्न एकच आहे: मूल 'नको' म्हणते, मग ते शब्दांनी म्हणो, हात झटकून म्हणो की रडून, तेव्हा ही व्यक्ती काय करते?

शोध सुरू करण्यापूर्वी

वर्तनोपचारतज्ज्ञाकडून काय अपेक्षित आहे आणि काय नाही, हे आधी स्पष्ट असावे. भाषा, उच्चार आणि संवाद हे मुख्यतः स्पीच थेरपिस्टचे क्षेत्र आहे. बोटांची कौशल्ये, कपडे टोचणे, आवाज असह्य होणे अशा संवेदनांशी निगडित अडचणी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे न्याव्यात. वर्तनोपचारतज्ज्ञ मुलाला नवी कौशल्ये छोट्या पायऱ्यांनी शिकवतो, आणि स्वतःला मारून घेणे, चावणे, पळून जाणे अशा वर्तनामागचे कारण शोधून त्याजागी सुरक्षित पर्याय उभा करतो. प्रत्यक्षात या तिन्ही कामांची सरमिसळ होतेच, त्यामुळे इतर तज्ज्ञांशी बोलण्याची तयारी नसलेला वर्तनोपचारतज्ज्ञ कितीही नावाजलेला असला तरी टाळलेला बरा.

मुलाच्या बाबतीत नेमके काय बदलायला हवे, हे घरातल्यांनी मिळून लिहून काढावे. 'त्याने इतर मुलांसारखे व्हावे' यावर कोणताही तज्ज्ञ काम करू शकत नाही. 'तहान लागली की ओरडण्याऐवजी त्याने आम्हाला कळेल अशा रीतीने पाणी मागावे' यावर करू शकतो. त्याचबरोबर मुलाला काय आवडते, कशाने ते शांत होते आणि कशाने बिथरते, याचीही नोंद ठेवावी, कारण चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत हेच विचारतो.

श्रवणचाचणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. मुलाचे वर्तन अचानक बदलले असेल, म्हणजे आजवर शांत असलेले मूल डोके आपटू लागले किंवा रात्र रात्र जागू लागले असेल, तर प्रथम डॉक्टरांकडे जावे. दातदुखी, कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा फिट्स यांचा त्रास शब्दांत सांगता न येणारे मूल तो वर्तनातूनच सांगते, आणि दुखण्यावर वर्तनोपचार करणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

पद्धतींची ओळख

वर्तनोपचाराच्या क्षेत्रात सर्वाधिक ऐकू येणारे नाव अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस, म्हणजेच एबीए, हे आहे: वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडते ते पाहून, छोट्या पायऱ्या आणि प्रोत्साहन यांतून ते बदलण्याची ही पद्धत. आजही पालकांना आठवड्याला ४० तासांचे जे वेळापत्रक सुचवले जाते आणि 'जवळजवळ निम्मी मुले पूर्ण बरी होतात' असे जे सांगितले जाते, त्या दोन्हींचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत मानसशास्त्रज्ञ ओले इव्हार लोवास यांनी केलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात असे आठवड्याला ४० तासांचे सघन उपचार मिळालेली मुले केवळ १९ होती. त्यांपैकी ९ मुलांची बुद्धिमत्ता आणि शालेय प्रगती सर्वसामान्य पातळीवर पोहोचल्याचे नोंदवले गेले. मुलांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती, आणि त्या काळच्या उपचारांत मोठ्याने 'नो' म्हणून दटावणे व प्रसंगी मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. एवढे ठाऊक असले की कोणी तो आकडा पुढे केल्यावर पालकाला गांगरून जाण्याचे कारण उरत नाही.

पुढील काळात हे क्षेत्र बरेच बदलले. टेबलाशी बसवून एकच सूचना पुन्हा पुन्हा देण्याऐवजी खेळातून, रोजच्या व्यवहारातून आणि मुलाच्या स्वतःच्या आवडीतून शिकवण्याच्या पद्धती विकसित झाल्या. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचे अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल, रॉबर्ट आणि लिन केगेल यांची पिव्हटल रिस्पॉन्स ट्रीटमेंट आणि कॉनी कसारी यांची जॅस्पर ही त्यांतील महत्त्वाची नावे आहेत. लहान मुलांच्या बाबतीत माझा कल स्पष्टपणे या पद्धतींकडे आहे, कारण खेळताना शिकलेले कौशल्य मूल खोलीबाहेरही वापरते, तर टेबलापाशी शिकलेले पुष्कळदा टेबलापाशीच राहते. तरीही पद्धतीच्या नावापेक्षा ती राबवणाऱ्या व्यक्तीकडे अधिक पाहावे. 'आम्ही खेळातूनच शिकवतो' असे सांगणाऱ्या केंद्रातही मुलाला खुर्चीत दाबून बसवलेले दिसू शकते, आणि टेबलाशी शिकवणारी एखादी थेरपिस्ट मुलाच्या थकव्याची पहिली खूण ओळखून पाच मिनिटांत काम थांबवते.

तासांविषयीही सावध राहावे. जामा पीडिअ‍ॅट्रिक्स या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या लेखात, उपचाराचे तास वाढवले की प्रगतीही त्या प्रमाणात वाढते असा संबंध आढळला नाही. म्हणून मुलाला पाहण्यापूर्वीच 'आठवड्याला इतके तास घ्यावेच लागतील' असे सांगणाऱ्या केंद्राला त्या आकड्याचे कारण विचारावे. मुलाचे वय, त्याची झोप, शाळा, इतर उपचार आणि मोकळा खेळ यांचा विचार करून आलेले उत्तर ऐकण्याजोगे असते. 'आमच्याकडे सर्वांना हेच पॅकेज आहे' हे उत्तर पुढचा निर्णय सोपा करून टाकते.

पात्रता, आणि मुलासोबत प्रत्यक्ष कोण बसणार

या क्षेत्रातील सर्वांत परिचित प्रमाणपत्रे अमेरिकेतील बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था देते. बीसीबीए या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर शिक्षण, पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष काम आणि परीक्षा आवश्यक असते. बीसीएबीएसाठी पदवी स्तरावरील शिक्षण लागते. आरबीटी हा मात्र तंत्रज्ञ असतो आणि त्याचे मूलभूत प्रशिक्षण ४० तासांचे असते. २०२३ च्या आरंभापासून या बोर्डाने नवी प्रमाणपत्रे मोजक्याच देशांतील रहिवाशांपुरती मर्यादित केली, त्यामुळे इतर ठिकाणच्या उत्तम तज्ज्ञाकडेही ते नसू शकते. अशा वेळी मानसशास्त्र किंवा विशेष शिक्षण यांतील पदवी, वर्तनोपचाराचे प्रशिक्षण कोणाच्या हाताखाली झाले, आणि स्वमग्न मुलांसोबत किती वर्षे व कोणत्या वयोगटात काम केले, हे विचारावे. प्रमाणपत्र असल्याचे सांगितले गेले तर ते देणाऱ्या संस्थेच्या नोंदीत पडताळून पाहावे; यात संकोच वाटू देऊ नये आणि प्रामाणिक तज्ज्ञाला त्याचा रागही येत नाही.

बहुतेक पालकांची गफलत इथेच होते की ते ज्यांना भेटून भारावतात, त्या वरिष्ठ तज्ज्ञ आठवड्याच्या बहुतेक सेशनमध्ये मुलासोबत नसतातच. मूल्यमापन आणि आराखडा त्या करतात, रोजचे काम तंत्रज्ञ करतो. ही रचना चुकीची नाही, पण तिची गुणवत्ता पर्यवेक्षणावर अवलंबून असते. आरबीटीच्या बाबतीत बोर्डाचा नियम दर महिन्याच्या कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास पर्यवेक्षणाखाली असावेत असा आहे, आणि तो किमान आहे, पुरेसा नव्हे. म्हणून मुलासोबत बसणारी व्यक्ती कोण, ती किती दिवसांपासून तिथे काम करते, वरिष्ठ तज्ज्ञ महिन्यातून किती वेळा स्वतः सेशन पाहतात, आणि तंत्रज्ञ नोकरी सोडून गेल्यास नव्या व्यक्तीची मुलाशी ओळख कशी करून दिली जाते, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय परतू नये. स्वमग्न मुलासाठी ओळखीचा माणूस एकाएकी नाहीसा होणे ही किरकोळ गोष्ट नसते.

उद्दिष्टे कोणासाठी आहेत

पहिल्या मूल्यमापनानंतर थेरपिस्ट उद्दिष्टांची यादी देतो. ती शांतपणे वाचावी आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारावे की हे साध्य झाल्याने मुलाचे जगणे सोपे होईल, की केवळ पाहणाऱ्यांना बरे वाटेल? स्वतःहून शौचालयात जाणे, मदत मागणे, रस्त्यावर हात न सोडणे, 'मला थांबायचे आहे' हे सांगता येणे ही उद्दिष्टे उघडपणे मुलाच्या हिताची आहेत. डोळ्यांत पाहायला लावणे, हात फडफडवणे थांबवणे, उड्या मारू न देणे यांविषयी मात्र प्रश्न विचारलेच पाहिजेत. अनेक स्वमग्न प्रौढांनी सांगितले आहे की डोळ्यांत पाहण्याची सक्ती त्यांना त्रासदायक वाटत होती आणि हात फडफडवणे हा स्वतःला सावरण्याचा त्यांचा मार्ग होता. जे वर्तन मुलाला किंवा इतरांना इजा करत नाही, शिकण्याच्या आड येत नाही, ते पुसून टाकण्यासाठी मुलाचे श्रम खर्ची घालणे मला पटत नाही, आणि ज्या तज्ज्ञाला हा फरक समजावून सांगावा लागतो त्याच्याकडे मूल पाठवू नये असेच मी म्हणेन.

बोलू न शकणाऱ्या मुलासाठी संवादाचे उद्दिष्ट यादीत सर्वांत वर असले पाहिजे. ते बोलण्यापुरते मर्यादित नसावे. चित्रे, खुणा किंवा आवाज देणारे उपकरण यांचा वापर करण्यास थेरपिस्ट तयार असावा. अशी साधने दिल्याने बोलणे मागे पडते ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

वर्तनामागचे कारण शोधण्याची तयारी

एखादे अवघड वर्तन सांगितल्यावर थेरपिस्टचा पहिला प्रतिसाद काय असतो, याकडे बारकाईने लक्ष द्यावे. समजा, पालकाने सांगितले की मुलगी स्वतःच्या मनगटाला चावते. 'चावली की तिचे आवडते खेळणे काढून घ्या' असे उत्तर लगेच मिळाले, तर ते कारण न शोधता दिलेले औषध झाले. जाणकार थेरपिस्ट उलट प्रश्न विचारतो: कधी चावते, त्याच्या आधी काय घडले होते, आणि चावल्यावर पुढे काय झाले? आठवडाभर नोंद ठेवल्यावर कदाचित असे दिसते की खेळताना किंवा जेवताना ती चावतच नाही. लिहिण्याची वही उघडली की दोन-तीन मिनिटांत चावते, घाबरून वही बंद केली जाते, आणि ती शांत होते. म्हणजे चावणे हा तिचा 'मला हे जमत नाही, थांबवा' असे सांगण्याचा मार्ग आहे. खेळणे काढून घेतल्याने तिची अडचण सुटत नाही. तिला 'थांबा' हे दाखवणारे एक कार्ड देणे, ते दाखवताच वही खरोखर बंद करणे, आणि लिहिण्याचे काम तिला पेलेल इतके लहान करणे, हा त्यावरचा उपाय आहे.

या विचाराला भक्कम आधार आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की मुलाला तीच गरज दुसऱ्या, समजण्याजोग्या मार्गाने व्यक्त करायला शिकवले की त्रासदायक वर्तन कमी होते. लक्ष वेधणे, नकोसे काम टाळणे, हवी ती वस्तू मिळवणे किंवा शरीराला हवी असलेली संवेदना मिळवणे, ही कारणांची चार प्रमुख रूपे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक असतात. ती आपल्या मुलाच्या बाबतीत कशी ताडून पाहणार, हे थेरपिस्टला विचारावे.

एक सेशन पाहावे

निर्णय घेण्यापूर्वी किमान एक पूर्ण सेशन पाहण्याची परवानगी मागावी. इतर मुलांच्या खासगीपणामुळे त्यांचे सेशन दाखवता येत नसेल तर ते समजण्यासारखे आहे. पण आपल्याच मुलाचे चाचणी सेशन काचेआडून किंवा खोलीत बसून पाहू न देणाऱ्या केंद्रात मूल ठेवू नये. आई-वडील समोर असले की मूल काम करत नाही, हे कारण पहिल्या काही मिनिटांपुरते खरे असू शकते. ते कायमचा नियम होऊ शकत नाही.

पाहायचे काय? समजा, समोर कोडे जुळवण्याचा खेळ मांडला आहे. मुलगा दोन तुकडे बसवतो आणि तिसऱ्या वेळी ट्रे दूर ढकलतो. एक थेरपिस्ट त्याचा हात धरून तिसरा तुकडा बसवून घेते, 'शाब्बास' म्हणते आणि नोंदवहीत बरोबरची खूण करते. दुसरी थेरपिस्ट ट्रे ढकलल्याचे पाहून हात मागे घेते, 'थांबायचंय? बरं,' म्हणते, क्षणभर वाट पाहते, मग एक तुकडा स्वतः चुकीच्या जागी ठेवून त्याच्याकडे पाहते. तो हसून तुकडा उचलतो, किंवा उचलत नाही, आणि न उचलल्यास ती खेळ बदलते. पहिल्या खोलीत मुलगा हे शिकतो की त्याच्या नकाराला किंमत नाही. आपल्या शरीराला हात लावणाऱ्या कोणत्याही मोठ्या माणसाला नकार देता येणे ही प्रत्येक मुलाची सुरक्षितता आहे, आणि जे मूल घडलेले सांगू शकत नाही त्याच्यासाठी ती अधिकच मोलाची आहे. सर्व नकार मान्य करता येत नाहीत, हेही खरे. औषध घ्यावे लागते, रस्त्यावर हात धरावा लागतो. अशा वेळी थेरपिस्ट मुलाला आधी सांगतो का, छोटासा तरी पर्याय देतो का, आणि बळाऐवजी संयमाने काम करतो का, ते पाहावे.

सेशन संपल्यावर मूल कसे आहे हेही पाहावे. थकलेले असणे स्वाभाविक आहे. पण त्या इमारतीच्या दाराशीच दररोज घाबरून आक्रोश होत असेल, घरी आल्यावर झोप उडत असेल किंवा आलेली कौशल्ये मागे पडत असतील, तर 'सवय होईल' या उत्तरावर समाधान मानू नये.

ताबडतोब नकार द्यावा अशा गोष्टी

ऑटिझम पूर्ण बरा करण्याची हमी, मारणे, कोंडणे, अन्न किंवा पाणी रोखणे, शिक्षा म्हणून धरून ठेवणे, पालकांना आत न येऊ देणे, नोंदी दाखवण्यास नकार: यांपैकी एकही गोष्ट दिसली तर पुढे चर्चा करण्याची गरज नाही. शिक्षा म्हणून विजेचा धक्का देण्याला असोसिएशन फॉर बिहेविअर अ‍ॅनालिसिस इंटरनॅशनल या वर्तनविश्लेषकांच्या स्वतःच्या संघटनेने २०२२ मध्ये विरोध जाहीर केला आहे. थेरपीसोबत शरीरातील धातू काढण्याचे चिलेशन, सिक्रेटिन या पचनाशी निगडित संप्रेरकाची इंजेक्शने किंवा उच्च दाबाच्या ऑक्सिजनचे उपचार कोणी सुचवले, तर ब्रिटनमधील नाइस या संस्थेने मुलांच्या स्वमग्नतेसाठी हे वापरू नये असे २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलेले आहे, हे लक्षात ठेवावे.

पालकांचा वाटा आणि पहिले तीन महिने

थेरपिस्ट पालकांना शिकवणार आहे की नाही, हा शेवटचा पण वजनदार निकष आहे. जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पॅक्ट या पद्धतीत थेरपिस्ट मुख्यतः पालकांसोबत काम करतो: पालक आणि मूल खेळतानाचे चित्रीकरण थेरपिस्ट आणि पालक मिळून पाहतात, मुलाने केलेली संवादाची बारीकशी खूणही पालकाच्या नजरेस आणून दिली जाते, आणि तिला कसा प्रतिसाद द्यावा हे ठरते. उपचार संपल्यावर सुमारे सहा वर्षांनीही त्याचा परिणाम टिकून असल्याचे २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले. जवळपास योग्य तज्ज्ञच नसेल, तर दूरच्या चांगल्या तज्ज्ञाकडून व्हिडिओवर पालकांनी मार्गदर्शन घेणे हा जवळच्या वाईट केंद्रापेक्षा निश्चितच उत्तम मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांसाठी कौशल्य-प्रशिक्षणाचा कार्यक्रम तयार केला आहे.

सुरुवात करताना शुल्क, रद्द झालेल्या सेशनचे नियम, चित्रीकरणाची संमती आणि माहितीची गोपनीयता हे लेखी असावे. पहिले दोन-तीन आठवडे ओळख आणि खेळ यांतच गेले तर अस्वस्थ होऊ नये. तो वेळ वाया गेलेला नसतो. त्यानंतर मात्र दर महिन्याला नोंदी आणि आलेख पाहायला मागावेत, आणि त्यांच्या शेजारी घरच्या नोंदींची आपली वही ठेवावी. केंद्रात ९० टक्के बरोबर उत्तरे येत असतील आणि घरी मूल अजूनही पाणी ओरडूनच मागत असेल, तर कौशल्य त्या खोलीबाहेर आलेले नाही, आणि आराखडा बदलण्याची मागणी करण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. आराखडा बदलूनही पुढच्या काही आठवड्यांत घरात फरक जाणवला नाही, किंवा प्रश्न विचारल्यावर मुलाच्या 'हट्टीपणा'वर बोट ठेवले गेले, तर थेरपिस्ट बदलावा. बदलताना मूल्यमापनाचा अहवाल, उद्दिष्टांची यादी आणि नोंदींच्या प्रती लेखी मागून घ्याव्यात, आणि शक्य असेल तर शेवटचे एक सेशन केवळ निरोपासाठी ठेवून, आता आपण इथे येणार नाही हे मुलाला चित्रांच्या साहाय्याने आधीच सांगावे.